अपस्मार आणि वाहनपरवाना : मूर्तिजापूरच्या रस्त्यावरून एका नियमाचा इतिहास

अपस्मार असलेल्या माणसाला वाहन चालवण्याचा परवाना द्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने 1939 मध्ये ठामपणे दिले. त्या वर्षीच्या मोटार वाहन अधिनियमाला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात परवान्यासाठी पूर्णपणे अपात्र ठरवणाऱ्या आजारांची यादी होती आणि तिच्यात अपस्मार पहिल्या क्रमांकावर होता. वऱ्हाडात या आजाराला फेफरे, मिरगी किंवा नुसते ‘फीट येणे’ म्हणतात. मूर्तिजापूरसारख्या गावात या नियमाचा इतिहास नीट वाचता येतो, कारण बैलगाडी, रेल्वे, एसटी, मोटारसायकल आणि महामार्ग या वाहतुकीच्या सगळ्या पायऱ्या इथे एकामागून एक आल्या. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न नव्याने उभा राहिला: वाहन हाकणाऱ्याची शुद्ध अचानक हरपली तर त्याचे स्वतःचे आणि इतरांचे काय होते?

मोटारीपूर्वीचा काळ

झटके येणाऱ्या माणसाला धोक्यापासून जपावे, ही समज फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराच्या रोग्याला पाणी, आग, झाडे, डोंगर आणि खडबडीत जागा यांपासून सदैव दूर ठेवावे, असे सांगितले आहे. या सल्ल्याचा रोख रोग्याचा जीव वाचवण्याकडे आहे. रोग्यापासून इतरांना धोका आहे, असे त्यात गृहीत धरलेले नाही. शेतीच्या गावात हा सल्ला आजही लागू पडतो. विहिरीवर एकट्याने जाऊ नये, चुलीजवळ कोणीतरी सोबत असावे, झाडावर चढू नये, मळणीयंत्रावर उभे राहू नये, एवढे घरातली माणसे सांभाळत आली.

त्या काळी मूर्तिजापूर परिसरातला कापूस बैलगाड्यांतून बाजाराला जाई. गाडीवानाला झटका आला तर इजा बहुधा त्यालाच होई. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा असे, आणि कासरा सैल पडला तरी बैल रस्ता सोडत नसत किंवा जागीच थांबत. त्यामुळे गाडी हाकण्यासाठी प्रकृतीची अट घालण्याची गरज कोणालाच भासली नाही.

रेल्वे आणि वैद्यकीय तपासणी

ती गरज आगगाडीमुळे निर्माण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून येणारा मार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला आणि मूर्तिजापूर मुंबईशी जोडले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने येथून दोन्ही दिशांना अरुंद लोहमार्ग निघाले. उत्तरेकडचा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला जाई आणि दक्षिणेकडचा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. पहिल्याची लांबी 76 किलोमीटर, दुसऱ्याची 113, म्हणजे दोन्ही मिळून 189 किलोमीटर. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. मूर्तिजापूर हे या दोन्ही फाट्यांचे जंक्शन होते.

शेकडो प्रवाशांचे प्राण एका माणसाच्या हाती सोपवताना त्याची प्रकृती तपासून घ्यावी, हा विचार जगभर आधी रेल्वेने रुजवला. स्वीडनमधील लागरलुंडा येथे 1875 मध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. तिच्यामागे रंगांधळेपणा असावा, असा निष्कर्ष फ्रितिऑफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने काढला आणि तेव्हापासून चालकांना लाल-हिरवा ओळखण्याची परीक्षा द्यावी लागू लागली. दृष्टी, रंगज्ञान, ऐकू येणे आणि अचानक शुद्ध हरपण्याचा आजार नसणे, या रेल्वेच्या अटींशी मिळत्याजुळत्या अटी पुढे मोटारीच्या कायद्यातही आल्या.

रेल्वेने मात्र दोन गोष्टी केल्या, ज्या रस्त्यावर कधीच झाल्या नाहीत. पहिली म्हणजे चालक एकटा ठेवला नाही. वाफेच्या इंजिनावर त्याच्या जोडीला फायरमन असे आणि मागच्या डब्यात गार्ड. पुढे सहायक चालक आले. विजेच्या व डिझेलच्या इंजिनांत दक्षता-नियंत्रक उपकरण बसले. चालकाने ठरावीक वेळ काहीच हालचाल केली नाही, तर आधी इशारा वाजतो आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. दुसरी गोष्ट नोकरीसंबंधीची. तपासणीत अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला इंजिनावरून उतरवून त्याच्या प्रकृतीला झेपेल अशा दुसऱ्या कामावर घेण्याची पद्धत रेल्वेत रूढ झाली. आजार उघड केला तर इंजिन सुटे, पण घरची चूल विझत नसे. त्यामुळे आजार सांगण्याची वाट निदान उघडी राहिली.

1939 चे परिशिष्ट

रस्त्यावर मोटारी आल्या तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर शासित होत होते. 1853 मध्ये निजामाने हा प्रदेश इंग्रजांकडे सोपवला होता, 1902 मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि 1936 पासून प्रांताचे नावच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ झाले. मोटारींसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 चा होता. मोटारी वाढल्यावर तो अपुरा पडू लागला आणि त्याच्या जागी 1939 चा अधिनियम आला.

या अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात अपस्मारानंतर वेड, घेरी वा मूर्च्छा आणणारा हृदयविकार, मंद दृष्टी, बहिरेपणा, लाल-हिरव्यातला फरक न कळणे आणि रातांधळेपणा, असा क्रम होता. अर्जावरून किंवा वैद्यकीय दाखल्यावरून यांपैकी काही आढळले तर परवाना नाकारणे अधिकाऱ्यावर बंधनकारक होते. झटके शेवटचे कधी आले, औषधाने ते थांबले आहेत का, ते फक्त झोपेत येतात का, यांपैकी काहीही विचारायचे नव्हते. अपस्माराच्या लगतच वेडाचा उल्लेख होता. त्या काळी हे दोन्ही आजार एकाच पंगतीतले समजत. वसाहतकालीन भारतातील वेड्यांच्या इस्पितळांत अपस्माराचे रोगीही ठेवले जात. मध्यप्रांतासाठीचे असे इस्पितळ नागपुरात 1864 पासून होते.

ही यादी ब्रिटिश वळणाची होती. ब्रिटनच्या 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्याने अर्जदाराला आपले आजार जाहीर करण्याची सक्ती केली होती आणि अपस्मार असलेल्याला परवाना मिळत नसे. त्या वेळच्या वैद्यकाची मर्यादा लक्षात घेतली तर ही बंदी अवाजवी म्हणता येत नाही. ब्रोमाइड 1857 पासून आणि फिनोबार्बिटल 1912 पासून वापरात होते. दोन्ही औषधांनी झटके कमी होत, पण सुस्ती येई. हॅन्स बर्गरने माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख 1924 मध्ये प्रथम घेतला खरा, पण त्याची तपासणी सर्वत्र पोचायला आणखी काही दशके लागली. अशा वेळी कोणाचा आजार आटोक्यात आहे आणि कोणाचा नाही, हे परवाना अधिकाऱ्याने ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?

औषधे बदलली

कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी, 1938 मध्ये, मेरिट आणि पुटनम या अमेरिकी संशोधकांनी फिनिटॉइनचा उपयोग सिद्ध केला. गुंगी न आणता झटके रोखणारे हे पहिले महत्त्वाचे औषध. 1960 च्या दशकात कार्बामॅझेपिन व व्हॅल्प्रोएट आली, त्यानंतर आणखी कितीतरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. भारतात मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळीमुळे होणारा अपस्मार बऱ्याच प्रमाणात आढळतो. अळीची गाठ विरल्यावर अनेक रोग्यांचे झटके कायमचे थांबतात आणि काही काळाने औषधही बंद करता येते. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या 2014 च्या व्याख्येप्रमाणे दहा वर्षे झटका आला नाही आणि त्यांतली शेवटची पाच वर्षे औषधाविना गेली, तर आजार संपला असे मानतात.

‘अपस्मार’ या नावाखाली म्हणून फार वेगवेगळी माणसे येतात. एकाला आठवड्यात दोनदा झटका येतो. दुसऱ्याला बाराव्या वर्षी आलेला झटका चाळिशीपर्यंत पुन्हा आलेला नसतो. तिसऱ्याला झटका येतो तो फक्त झोपेत. यांपैकी पहिल्याच्या हाती वाहन देणे उघड धोक्याचे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर अंतर कापते. अर्धा मिनिट शुद्ध हरपली तर ती जवळपास 660 मीटर कोणाच्याही ताब्याविना जाते. मात्र दुसऱ्या माणसाला त्याच मापाने मोजण्याला वैद्यकीय आधार उरलेला नाही.

इतर देशांनी शोधलेली वाट

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने 1949 मध्ये झटके आटोक्यात असलेल्यांना अटींवर परवाना द्यायला सुरुवात केली. ब्रिटनने 1970 मध्ये तीन वर्षे झटका न आलेल्यांसाठी दार उघडले. ही मुदत 1982 मध्ये दोन वर्षांवर आणि 1994 मध्ये एका वर्षावर आली. युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशानेही खासगी वाहनासाठी साधारण एक वर्षाची अट ठरवली. बस व ट्रकसाठी अट फार कडक राहिली: दहा वर्षे झटका नको आणि औषधही नको. जपानने 2002 मध्ये संपूर्ण बंदी उठवून दोन वर्षांची अट आणली. तेथील कानुमा शहरात 2011 मध्ये आजार लपवून परवाना घेतलेल्या एका क्रेनचालकाला झटका आला आणि सहा शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर जपानने खोट्या माहितीसाठी शिक्षा ठरवली. संपूर्ण बंदीकडे मात्र तो परतला नाही.

या बदलांमागे आकड्यांचा आधार होता. ॲरिझोना राज्याने 1994 मध्ये बारा महिन्यांची मुदत तीन महिन्यांवर आणली. आधीच्या व नंतरच्या काळाची तुलना केली तेव्हा झटक्यांमुळे होणाऱ्या अपघातांत लक्षणीय वाढ आढळली नाही. अमेरिकेत 1995 ते 1997 या काळात अपघातात मरण पावलेल्या चालकांपैकी सुमारे 0.2 टक्क्यांच्या बाबतीत अपस्मार हे कारण होते, तर मद्याचा संबंध जवळपास 30 टक्के मृत्यूंशी होता. सुरक्षिततेसाठी धोका शून्यावर आणावा लागतो असे नाही. समाज इतर बाबतींत जेवढा धोका चालवून घेतो तेवढ्यापर्यंत तो खाली आणावा लागतो. हा हिशेब मान्य झाला तेव्हा ‘कोणता आजार’ या प्रश्नाऐवजी ‘शेवटचा झटका कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

1988 चा कायदा आणि फॉर्म 1

भारतात 1939 च्या अधिनियमाची जागा 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. तो 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्याच्या कलम 8 मध्ये आजारांची जुनी यादी नाही. ज्या आजारामुळे अर्जदाराचे वाहन चालवणे लोकांना किंवा प्रवाशांना धोक्याचे ठरण्याची शक्यता आहे, त्या आजारासाठी परवाना नाकारावा, अशी सर्वसाधारण भाषा आहे. अपस्माराचे नाव मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या फॉर्म 1 मध्ये राहिले. या स्वयंघोषणापत्राचा पहिलाच प्रश्न अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याबाबत वा घेरी येण्याबाबत आहे. किती काळ झटका आला नाही तर परवाना देता येईल, हे ना अधिनियमात आहे ना नियमांत. म्हणून व्यवहारात ‘होय’ लिहिणाऱ्याला परवाना मिळत नाही आणि वैद्यकीय वर्तुळात भारताची गणना संपूर्ण बंदीच्या देशांत होते.

याच काळात इतर कायद्यांनी अपस्माराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहाला बाधा मानली होती. 1999 च्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. भारतीय अपस्मार संघटना 1970 पासून रोग्यांसाठी काम करते. 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. वाहनपरवान्यासाठी झटकामुक्त काळाची अट ठरवावी, अशी मांडणी मेंदूविकारतज्ज्ञांनी वेळोवेळी केली आहे.

सध्याच्या व्यवस्थेत एक मोठी फट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत खासगी वाहनाचा परवाना घेणाऱ्याला तो वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. डॉक्टरचा दाखला व्यावसायिक वाहनांसाठी आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी लागतो. म्हणजे अठराव्या वर्षी भरलेल्या एका स्वयंघोषणेवर दोन दशके निघू शकतात. मधल्या काळात झटके सुरू झाले तर काय? कलम 16 प्रमाणे परवाना अधिकारी आजाराच्या कारणावरून परवाना रद्द करू शकतो किंवा दाखला मागू शकतो, पण त्याला कळवणारे कोणी नसते. कलम 186 प्रमाणे शारीरिकदृष्ट्या अपात्र असल्याचे माहीत असूनही वाहन चालवल्यास पहिल्या वेळी 1,000 आणि पुढे 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम सहसा अपघात झाल्यावरच आठवते.

मूर्तिजापुरात नियमाचे काय होते

मूर्तिजापूर तालुका अकोल्याच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो. इथल्या गाड्यांवर एमएच-30 असते. गावावरून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग 6 आता 53 झाला आहे. जून 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. रस्ते रुंद आणि वेगवान झाले. उलट शकुंतला थांबली. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर डिझेल इंजिन आले, आणि गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरची वाहतूक बंद पडली.

अपस्मार असलेल्या माणसासाठी हा बदल साधा नाही. ज्याला वाहन चालवता येत नाही, त्याला दुसऱ्याने चालवलेले वाहन लागते. दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या गावांना थोड्या पैशांत जोडणारी गाडी गेली. एसटी मोठ्या रस्त्यांवर धावते, पण शेतापासून फाट्यापर्यंतचे अंतर मोटारसायकलवरच उरकावे लागते. दूध घालायला, खत आणायला, फवारणीला, मुलांना शाळेत सोडायला दुचाकीच लागते. ज्याची रोजी ऑटोवर किंवा ट्रॅक्टरवर आहे, त्याच्यासाठी फॉर्म 1 मधला ‘होय’ म्हणजे रोजगाराचा शेवट. रेल्वेच्या चालकाला दुसरे काम मिळे. रस्त्यावरच्या चालकाला तशी हमी नाही. अशा स्थितीत ‘नाही’ लिहिले जाते, डॉक्टरला वाहनाबद्दल सांगितले जात नाही, आणि कधी कधी दूरच्या शहरात गुपचूप उपचार घेतले जातात. लोकांना वाचवण्यासाठी केलेला नियम माणसाला डॉक्टरपासून दूर नेतो आणि औषधात खंड पडला की धोका वाढतो. बंदीची खरी किंमत हीच आहे, आणि ती रोग्याबरोबर रस्त्यावरचा प्रत्येक जण मोजतो.

सुरक्षिततेची सध्याची पथ्ये

कायदा आहे तसा असेपर्यंत पाळायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. झटके येत असताना, औषध बदलताना किंवा बंद करताना कोणतेही वाहन चालवू नये. यात दुचाकी आणि ट्रॅक्टरही आले. प्रवासी किंवा जड वाहन चालवण्याची नोकरी धरू नये. औषधाची वेळ चुकवणे, रात्रभर जागणे आणि दारू ही झटका ओढवणारी ठळक कारणे आहेत. कापूसवेचणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत ती एकत्र येतात, म्हणून तेव्हा विशेष जपावे. पहिलाच झटका आला तरी तपासणी करून घ्यावी. मूर्तिजापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

रस्त्यात कोणाला झटका आलेला दिसला तर त्याला रहदारीतून बाजूला घ्यावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, हालचाली थांबल्यावर कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा वा चप्पल हुंगवण्याने झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा लगोलग दुसरा आला तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नियम बदलायचा झाला तर त्याला तीन गोष्टींची जोड लागेल. पहिली, खासगी वाहनासाठी निश्चित झटकामुक्त काळ आणि व्यावसायिक वाहनासाठी त्याहून खूप मोठा काळ, तोही तज्ज्ञाच्या दाखल्यावर आणि ठरावीक मुदतीने फेरतपासणी करून. दुसरी, झटका पुन्हा आल्यास तो कळवण्याचे बंधन आणि लपवल्यास शिक्षा. पण कळवणाऱ्याला परवाना परत मिळण्याची वाटही त्याच नियमात हवी. तिसरी, ज्याला परवाना मिळूच शकत नाही त्याच्यासाठी गावापर्यंत पोचणारी एसटी आणि झेपेल असे दुसरे काम. रेल्वेने विसाव्या शतकात चालकाची तपासणी केली, त्याला जोडीदार दिला आणि अपात्र ठरल्यावर दुसरी जागाही दिली. रस्त्यावरच्या नियमाने यांतली फक्त तपासणी उचलली, आणि तीही बहुतेकांच्या बाबतीत अर्जदाराच्या सहीपुरती उरली आहे.